टीचरची बदली

गोव्यात डिचोलीजवळच्या नार्व्यात नदीकडच्या वाडीत सुविधाच्या घरी जूनमध्ये शाळा सुरू झाली, आणि आठवड्याभरात तिचं वेळापत्रक शेजाऱ्यापाजाऱ्यांना पाठ झालं. पोदेर सायकलचा भोंगा वाजवत पाव देऊन गेला, चहा-पाव आटोपला, तान्ही यशू दूध पिऊन झोपली, की सुविधा आतल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायची. घरातला गाऊन काढून साडी नेसायची, पदराला पिन लावायची, मनगटावर घड्याळ बांधायची. मग मागच्या दाराने बाहेर पडायची, घराला वळसा घालायची आणि पुढच्या दाराने आत यायची. बाकावर बसलेली तिची तीन पोरं ताडकन उठायची आणि सुरात म्हणायची, "गुड मॉर्निंग टीचर."

नऊ ते बारा घरात आई नाही, असा नियम होता. आई ज्याला हवी त्याने बारापर्यंत थांबायचं. नऊ वर्षांच्या सेजलला नियम कळला होता, सहा वर्षांच्या सिद्धेशला त्यात मजा वाटत होती, पण चार वर्षांच्या प्रज्योतच्या डोक्यात काही केल्या तो शिरत नव्हता. समोर फळ्यापाशी उभ्या असलेल्या आईकडे टक लावून बघत तो विचारायचा, "आई खंय गेली?"

"शेतात गेली," टीचर गंभीरपणे सांगायची. "अक्षरं गिरव."

शेजारचा भिकाजी शेताकडे जाताना कुंपणाशी हटकून थांबायचा. "टीचर, आज इन्स्पेक्टर येतलो मगो?" असं विचारून स्वतःच हसायचा. सुविधा वर्गात बोलणाऱ्यांना उत्तर देत नसे. पण गॅसवरच्या कुकरातला भात काही तास संपायची वाट बघत नसे. शिट्ट्यांचा हिशेब ठेवायचं काम सिद्धेशकडे होतं. तो पाढे म्हणता म्हणता मध्येच ओरडायचा, "टीचर, शीत करपता!" आणि टीचर पदर खोचून स्वयंपाकघरात धावायची. तेवढ्यात यशू जागी व्हायची, प्रज्योत खडू खायचा, आणि दुसरा तास तिथेच संपायचा.

हे सगळं वरवर पाहता हसण्यासारखं होतं, आणि सुविधाही कधीकधी हसायची. पण ही शाळा तिने हौसेने काढली नव्हती.

गावातली छोटी शाळा पटावर मुलं उरली नाहीत म्हणून बंद झाली होती. उरलेली मुलं बसने लांबच्या मोठ्या शाळेत जाऊ लागली. घरात तोंडाची टकळी बंद न होणारी सेजल तिथे एक दिवस धडा वाचताना एका शब्दावर अडली. वर्ग हसला. तिथल्या टीचर काही वाईट बाई नव्हत्या, वर्ग मोठा होता, त्यांनाही पुढे जायचं होतं. "येईपर्यंत उभी राहा," एवढंच त्या म्हणाल्या, आणि सेजल तास संपेपर्यंत उभी राहिली. त्या दिवसापासून शाळेत तिच्या तोंडून शब्द फुटेना. हजेरीलाही ती नुसता हात वर करायची. मग सकाळी पोटात दुखू लागलं, मग बसमध्ये उलट्या. डॉक्टरांनी तपासलं, पोटात काही नव्हतं. मे महिन्यात सुविधाने नवऱ्याला सांगून टाकलं, "हे वर्ष मी हिला घरी शिकवते. सिद्धेशलाही. एकीला शिकवायचं तर दोघांना काय जड."

गौरेश पाळी गावाच्या बाजूला खाणीवर टिपर चालवायचा. पहाटे जायचा, अंधार पडताना यायचा, आणि घरातल्या कामात ढवळाढवळ करत नसे. पण या गोष्टीला तोही बिचकला. त्याने म्हापशाला बहिणीला फोन केला.

सुशीला गौरेशची थोरली बहीण. आई लवकर गेल्यावर गौरेशला तिनेच वाढवलं, तिनेच त्याचं लग्न जमवलं, सुविधाच्या चारही बाळंतपणांत रजा काढून तीच येऊन राहिली. तिच्यापुढे गौरेश मान हलवण्यापलीकडे काही करत नसे आणि सुविधा तेवढंही करायला धजत नसे. त्याच रविवारी म्हापशाच्या बाजारातला केक आणि भाजके चणे घेऊन सुशीला बसमधून उतरली, चहा प्याली आणि सरळ मुद्द्यावर आली.

"चार पोरां, रांदप, शेत. शिकोवंक तुका वेळ खंय मेळटलो?" ती म्हणाली. "माझा मुलगा पुण्याला. फ्लॅट रिकामा पडलाय. सेजूला माझ्याकडे पाठव. दारातच शाळा आहे."

यात खोटं काहीच नव्हतं. सुविधाने कसंबसं म्हटलं, "थोडे दिवस बघूया, ताई."

सुशीला तशी समजूतदार. "गणपतीच्या चवथीपर्यंत बघ," ती म्हणाली. "चवथीला मी येईन. पोर चारचौघांत नीट वाचत असेल तर राहू दे. नसेल तर माझ्याबरोबर म्हापशाला." गौरेशने मान हलवली, आणि ते ठरलं.

दाराआड उभ्या सेजलने सगळं ऐकलं होतं. सुशीला गेल्यावर ती यशूला कडेवर घेऊन अंगणात फिरत राहिली आणि मग आईजवळ येऊन म्हणाली, "हांव म्हापशाक गेल्यार यशू म्हाका वळखतली?"

"तू खंयच वचची ना," सुविधा म्हणाली. म्हणाली खरी, पण ठरलं ते ठरलं होतं. घरातली पहिली पोर आपल्याच हाताने दुसऱ्याच्या घरी पाठवायची, आणि तीही आपल्याला शिकवता आलं नाही म्हणून, हा विचारच तिला सोसवेना.

त्यातूनच ती साडी आणि ते घड्याळ आलं. सुविधा पेडणे तालुक्यातली. बारावीनंतर तिला टीचर व्हायचं होतं, कोर्सची चौकशीही केली होती, तेवढ्यात लग्न ठरलं. टीचर म्हणजे कडक इस्त्रीची साडी, हातात छडी नसली तरी नजरेत छडी, आणि वर्गात सुई पडली तरी आवाज व्हावा अशी शांतता, हेच तिने पाहिलं होतं. शाळा म्हणजे असंच असतं, आणि आपण कुठे कमी पडू नये, असं तिला वाटलं. तिने म्हापशाहून फळा आणला, हजेरी सुरू केली, चपला ओळीत लावायला लावल्या. महिनाभरात सिद्धेश दोन आकडी बेरजा करू लागला. सेजलचं शुद्धलेखन तर छापल्यासारखं. फक्त वाचायची वेळ आली, की टीचर म्हणायची, "सेजल, उभी राहा. धडा तिसरा," आणि सेजल उभी राहायची, पुस्तक उघडायची, आणि ओठ मिटून घ्यायची.

टीचरने गोड बोलून पाहिलं. मग चॉकलेटचं आमिष दाखवलं. जुलै निम्मा सरला, लावणी आटोपली, चवथ जवळ येऊ लागली, तशी टीचर कडक झाली. एक दिवस तिचा धीर सुटला आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "येईपर्यंत उभी राहा."

सेजल उभी राहिली. सिद्धेश मान खाली घालून पाटीवर रेघोट्या ओढत बसला. प्रज्योत उठून तिचा फ्रॉक धरून तिच्या बाजूला उभा राहिला, का ते त्यालाच ठाऊक. बारा वाजेपर्यंत घरात नदीवरच्या होडीच्या इंजिनाचा आवाज तेवढा येत होता.

बारा वाजले. टीचर पुढच्या दाराने गेली, वळसा घालून मागच्या दाराने आत आली, साडी बदलली आणि आई झाली. पोरं रोजच्यासारखी स्वयंपाकघरात तिच्याभोवती गोळा झाली. ही वेळ त्यांची तक्रारींची. नऊ ते बारा जे घडलं ते सगळं ती आईला येऊन सांगायची, जणू आई खरोखरच शेतात गेली होती. "आई, टीचर आज खूप रागीट आसली," सिद्धेश म्हणाला. सुविधा ताटं मांडत होती. "होय रे?" ती म्हणाली. हा खेळ तिलाही आवडायचा.

सेजल सुक्या सुंगटांची, कोळंबीची, डोकी काढत बसली होती. हातातलं सुंगट तसंच धरून, वर न बघता, हळू आवाजात ती म्हणाली, "आई, तू टीचरीक सांग मगो. म्हाका उबी करू नाका म्हण. उबी केली की म्हजो ताळो बंद जाता."

सुविधाचा डाव भाताच्या तपेल्यात तसाच राहिला. तिने सेजलकडे नीट पाहिलं. पोर खेळत नव्हती. गळ्यात आवाज अडकलेल्या पोरीने आपल्या आईला काम सांगितलं होतं, की तू जाऊन माझ्या वतीने बोल. आणि सुविधाला आठवलं, की गेलं अख्खं वर्ष त्या मोठ्या शाळेच्या फाटकापर्यंत ती कितीदा गेली होती. डबा द्यायला गेली, छत्री द्यायला गेली, आत जाऊन टीचरशी दोन शब्द बोलायचा धीर तिला एकदाही झाला नव्हता. फाटकातूनच परत यायची. ज्या माणसांना ती देवासारखं मानत होती त्यांना आपण काय सांगणार, असं तिला वाटायचं. पोर शाळेतून काढून आणली आणि तीच शाळा घरात आणून मांडली, वर टीचरची साडीही स्वतःच नेसली. तिला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"सांगतां," ती म्हणाली. "आजच सांगतां."

दुसऱ्या दिवशी तिघंही बाकावर बसून राहिली. पुढच्या दाराने कोणी आलंच नाही. बऱ्याच वेळाने स्वयंपाकघरातून आई आली, गाऊनमध्ये, यशूला कडेवर घेऊन.

"टीचर येवची ना," ती म्हणाली. "तिची बदली जाली."

"खंय?" सिद्धेशने विचारलं.

"काणकोणां."

डिचोलीहून काणकोण म्हणजे गोव्याचं दुसरं टोक. इथे सरकारी नोकरीतल्या माणसावर वरच्यांना राग काढायचा असेल तर काणकोणचंच नाव आठवतं, आणि सिद्धेशच्या मित्राच्या बाबांची बदली तिकडेच झाली होती, ते महिन्यातून एकदा घरी येत. "म्हणजे ती आता कांय परत येवची ना," तो समाधानाने म्हणाला. प्रज्योत काही न विचारता उठला आणि आईच्या पायाला मिठी मारून बसला. इतक्या दिवसांनी त्याची आई सकाळची शेतातून परत आली होती.

सेजल मात्र जवळ आली. "तू सांगलें तिका?"

"सांगलें."

"रागावली?"

"ना. ऐकून घेतलें तिणें."

सेजलने एवढंच विचारलं आणि यशूला आईच्या कडेवरून आपल्याकडे घेतलं.

टीचर गेली आणि सगळं सुरळीत झालं, असं मात्र कोणी समजू नये. पहिले काही दिवस कोणी काहीच शिकलं नाही. पोरं पेरूवर चढली, वहाळात पाय बुडवून बसली, फळ्यावर यशूला बसवून त्याची घसरगुंडी केली. गौरेशने ते बघून विचारलं, "ताईला काय सांगू मी?" सुविधा म्हणाली, "अजून चवथ यायची आहे," आणि आत जाऊन गुपचूप रडली. साडी नेसून टीचर होणं सोपं होतं. आई राहून शिकवायचं कसं, हे तिला कोणीच दाखवलं नव्हतं.

मग एका रविवारी सकाळी ती आडोळीवर, म्हणजे विळीवर, बसून मासे कापत होती. हात भरलेले, मागे यशू भोकाड पसरून बसलेली, आणि दाराशी खताची गोणी उघडी टाकून गौरेश परसातून ओरडून विचारत होता की पाण्यात किती घालायचं. "सेजू, गोणीवर बरयलां तें वाच गो," सुविधा मान न वळवता म्हणाली. तिला खरोखरच ते हवं होतं, त्यात डाव काही नव्हता. मागे सेजलची पावलं गोणीपाशी थांबली. मग हळू, तुटक तुटक, सेजलचा आवाज आला. 'प्रमाण' पाशी तो अडला. सुविधाने माशाचं शेपूट कापलं, डोकं कापलं. वळली नाही, कारण वळून करणार काय, हातांना रक्त लागलेलं. "थांब, येतलें तें," एवढंच म्हणाली. आणि ते आलं. सेजलने गोणी शेवटपर्यंत वाचली, लहान मुलांपासून दूर ठेवा इथपर्यंत.

सुविधाला कळायचं ते कळलं. त्या दिवसापासून तिने सेजलकडे पाठ करून शिकवायला सुरुवात केली. भाजी चिरताना, कपडे पिळताना, यशूला न्हाऊ घालताना ती म्हणायची, "वाच गो, म्हजे हात भरल्यात," आणि मागे वळून बघायची नाही. कधी सेजल मेजाखाली आडवी होऊन वाचायची, कधी यशूला मांडीवर घेऊन. यशूने तिसऱ्या धड्याचं पान फाडून तोंडात घातलं तेव्हा कोणालाच वाईट वाटलं नाही, त्या धड्याने या घराला फार छळलं होतं. सिद्धेश नारळ मोजून ढीग लावायचा आणि ढिगांवरून पाढे करायचा. प्रज्योतला अजून एकही अक्षर नीट येत नव्हतं, पण तेही त्याला आनंदाने येत नव्हतं.

ऑगस्ट सरता सरता सेजल भराभर वाचू लागली. फक्त आईच्या पाठीला. एकदा गौरेश कौतुकाने समोर येऊन उभा राहिला, आणि तिचे ओठ पुन्हा मिटले. तो बिचारा ओशाळून निघून गेला. सुविधाने मनाशी म्हटलं, चवथीला घरभर माणसं असतील, त्यांना पाठ कुठून आणायची. त्या रात्री तिने सेजलचे दोन फ्रॉक उसवलेले होते ते शिवून ठेवले. न्यायची वेळ आलीच तर पोर फाटक्या कपड्यात जायला नको.

चवथ आली. मूळ घर हेच, त्यामुळे सुशीला आणि काका-चुलते पोराबाळांसह आले. गौरेशने गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधली, लाकडी चौकटीला सुपाऱ्या, नारळ, तोरिंगं, रानातल्या वेली आणि फळं लटकवली. पूजा झाली, घुमट वाजवत आरत्या झाल्या, जेवणं झाली. दुपारी सगळी माणसं देवापुढच्या खोलीत पसरली असताना सुशीलाने चष्मा लावला, त्या दिवसाचा पेपर उचलला आणि प्रेमाने हाक मारली. "सेजू, हांगा यो. उबी राव आनी सगळ्यांक वाचून दाखय."

तिला पोरीला अडवायचं नव्हतं. उलट भरल्या घरात पोर चमकावी असंच तिच्या मनात होतं. सेजल आली, पेपर घेतला, उभी राहिली. चुलत भावंडं कोपरखळ्या मारत बघू लागली. सेजलचे ओठ घट्ट मिटले.

सुविधा नेवऱ्यांचं, करंज्यांचं, ताट घेऊन दारात आली होती. तिने पोरीचा चेहरा पाहिला. दहा वर्षांत ती या नणंदेपुढे कधी एक शब्द उलटून बोलली नव्हती. ताट खाली ठेवायचंही तिला सुचलं नाही.

"ताई," ती म्हणाली, आणि आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "तिका बसून वाचूं दी."

"कित्याक? पायांक किदें जालां तिच्या?"

"पायांक कांय ना. उबी केली की तिचो ताळो बंद जाता." एकदा सुरुवात झाल्यावर सुविधाला थांबता येईना. "आनी तिच्या तोंडाकडेन कोणी पळोवं नाकात. पाठ फिरयली की ती वाचता. हांवें सवय केल्या तशी. चुकलें आसल्यार म्हाका सांग, तिका नाका."

गौरेश छपराकडे बघत होता. सुशीलाने चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग कदेल, बसायची खुर्ची, उचलून फिरवली आणि गणपतीकडे तोंड करून बसली. "आयकलें मगो सगळ्यांनी?" ती म्हणाली. "फिरा."

हसत, सरकत, एकमेकांच्या पायांवर पाय देत सगळं घर फिरलं. काका फिरले, पोरं फिरली, गौरेश फिरला. प्रज्योतला कोणीतरी धरून फिरवलं. सुविधाही ताटासकट देवाकडे तोंड करून उभी राहिली. मागे बाक वाजला, सेजल बसली असणार.

पेपर सळसळला. मग आवाज आला. "म्हापशात... माटोळीच्या सामानाचे दर..." आणि थांबला. एक पोर फिस्सकन हसलं. सुविधाला शब्द कळला होता, तो सांगावा म्हणून तिचे ओठ हललेही, पण तिने दात दाबून धरले. सुशीला गणपतीकडे बघत स्तब्ध बसली होती.

"थांबात," मागून सेजल म्हणाली. "येता म्हाका." आणि मग, "कडाडले."

बातमी पुढे सरकली. सुपारीचा भाव आला, नारळाचा आला, बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती ते आलं. ती आणखी दोनदा अडली आणि दोन्ही वेळा स्वतःच सुटली. बातमी संपली तरी ती थांबली नाही, खालचा हवामानाचा अंदाजही तिने वाचून टाकला. सुविधाच्या डोळ्यांतून पाणी नेवऱ्यांवर पडत होतं आणि ते पुसायला तिचा हात मोकळा नव्हता.

"कडाडले म्हणजे किदें गो?" सुशीलाने न वळता विचारलं.

"म्हारग जाले."

"बरोबर." सुशीलाने चष्मा काढून मांडीवर ठेवला. मग गणपतीकडे बघतच भावाला म्हणाली, "गौरेश, हिका हांगाच दवर. हिची आई शिकयता तें बरें शिकयता."

"आतां फिरल्यार जाता," सेजल म्हणाली.

सगळे वळले. आभाळ भरून आल्यामुळे बाकापाशी उजेड कमी होता, म्हणून ती पेपर घेऊन दाराच्या उंबऱ्याशी गेली होती, आणि सगळ्या घराकडे तोंड करून सरळ उभी होती. ती कधी उठली ते तिलाही कळलेलं नव्हतं.